दाजींसाठी एक उभं सागवान

किमान पाच माणसं. तीन चालणार नाहीत, चार चालणार नाहीत. त्या राष्ट्रीय उद्यानाच्या वेबसाइटवर एवढंच लिहिलं होतं, का ते लिहिलं नव्हतं. मी फोन लावला. सोळाव्यांदा लागला. पलीकडचा माणूस आधी मल्याळममध्ये बोलला, मग इंग्रजीत, मग दमून हिंदीत म्हणाला, "ग्रुप मतलब पाँच."

मी म्हटलं, "हम तीन हैं. तीन लोग अंदर गए तो जंगल को क्या तकलीफ है?"

तो म्हणाला, "जंगल को नहीं, रजिस्टर को है. उसमें पाँच लाइन है."

कुठल्याही सरकारी ऑफिसातून मला मिळालेलं हे आयुष्यातलं पहिलं प्रामाणिक उत्तर. त्यावर भांडायचं कसं, हे मला सुचलं नाही, आणि मला भांडण सुचत नाही असं फार कमी वेळा होतं.

त्या उद्यानाचं नाव मी सांगणार नाही. घाबरतो म्हणून नव्हे. तिथल्या लोकांकडे माझं पूर्ण नाव, पूनम सागर सोसायटीतला पूर्ण पत्ता आणि तीन कागदांवरच्या माझ्या तीन सह्या आहेत, म्हणून. दक्षिणेकडे, डोंगरात आहे एवढं पुरे. तिथे सागाचं एक झाड आहे. चार-पाचशे वर्षांचं म्हणतात. पाच माणसांनी हाताला हात धरून कवटाळलं तर जेमतेम मिठीत येतं, असं म्हणतात. आणि ते झाड माझ्या सासऱ्यांना बघायचं होतं.

सासऱ्यांचं नाव पंढरीनाथ, पण आमची अख्खी विंग त्यांना दाजी म्हणते. सासूबाई गेल्यापासून आमच्याकडेच असतात. दाजींनी चव्वेचाळीस वर्षं लाकडाच्या वखारीत मोजणीदार म्हणून काढली. ट्रकमधून ओंडका उतरला की त्याला टेप गुंडाळायची, लांबी घ्यायची, तोंडातल्या तोंडात गुणाकार करून घनफूट सांगायचे, आणि कापलेल्या तोंडावर वखारीच्या छापाचा हातोडा हाणायचा. धाड. पुढचा. लाखभर झाडं हाताखालून गेली असतील. सगळी आडवी.

हे मला कधी जाणवलं नव्हतं. त्यांनाही नसावं. फेब्रुवारीत आम्ही त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू निघाला, तोही पुढे गेलेला. डॉक्टर म्हणाले, कडेची नजर गेलेली आहे, आता मधोमध एक भोक उरलंय, नळीतून बघावं तेवढं. ते किती दिवस राहील? डॉक्टर म्हणाले, "दिवाळीपर्यंत धरून चला." दिवाळी म्हणजे घराला रंग द्यायचा मुहूर्त असल्यासारखं म्हणाले.

घरी आलो, गेटपाशी रिक्षातून उतरल्यावर दाजी म्हणाले, "काशीनाथराव, पूर्वी मलबारचा माल यायचा. एवढा जाड, की ओंडक्याच्या अलीकडे मी नि पलीकडे हमाल, एकमेकांना दिसायचो नाही. त्यातलं एखादं अजून उभं असेल काय हो?"

मी म्हटलं, "असेल."

"उभं असताना कसं दिसत असेल?"

मी स्वतःला लेखक म्हणवतो. शाळा नववीत सुटली, जे शिकलो ते काशीमीऱ्याच्या गोदामात, पार्सलांवरची रद्दी वाचून शिकलो, आणि मला माहीत नाही असं म्हणणं मला जड जातं. म्हणून मी म्हटलं, "दाखवतो."

माझी बायको सुरुची मागून म्हणाली, "झालं."

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या लांब कशाला, बोरिवलीचं नॅशनल पार्क हाकेच्या अंतरावर आहे, तिथेही साग आहे. तुम्हीच नव्हे, आमच्या विंगमधल्या प्रत्येकाने हे म्हटलं. म्हणून आम्ही गेलोही. दाजी एका सागापाशी उभे राहिले. दोन्ही हातांच्या पंज्यात त्याचं खोड धरून बघितलं आणि ते मावलं. मग मायेने त्याला थोपटलं आणि म्हणाले, "ही पोरं आहेत हो. शिकतायत अजून. ह्यांना मी वखारीच्या गेटातून आत नसतं घेतलं."

तर पाच माणसं. आम्ही तिघं. दोन कमी.

मी सोसायटीच्या ग्रुपवर एक साधा मेसेज टाकला, की दक्षिणेत झाड बघायला जातोय, दोन जण हवेत. हा माझा मूर्खपणा. आमच्या ग्रुपवर पाणी येणार नाही असं टाकलं तर कुणी वाचत नाही. ह्या मेसेजला चहा थंड व्हायच्या आत एकतीस उत्तरं आली. एकाने विचारलं, तिथे बर्फ असतो का. एकाने सांगितलं, त्यापेक्षा महाबळेश्वरला जा. एका सद्गृहस्थाने अमेरिकेतल्या त्याहून मोठ्या झाडाचा फोटो टाकला, ज्याच्या बुंध्यातून मोटार जातेय, आणि खाली लिहिलं, "ये असली है." म्हणजे आमचं नकली. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी मुलाचा बायोडेटा टाकला, तो चुकून. आमचे सेक्रेटरी दिपेश, धंद्याने इस्टेट एजंट, त्यांनी तर जाहीरच केलं की ही सोसायटीची वार्षिक सहल समजावी. दुसऱ्या दिवशी तेवीस नावं होती. तिसऱ्या दिवशी कुणीतरी जंगलातल्या जळवांचा व्हिडिओ टाकला आणि एक उरलं.

ते एक म्हणजे हंसाबेन. समोरच्या दारातल्या. वय सदुसष्ट, जैन, आणि विंगमध्ये त्यांच्याशिवाय काही घडलं तर ते घडलंच नाही असं मानणाऱ्या. आल्या आणि सोफ्यावर बसून म्हणाल्या, "काशीनाथभाई, तुम्ही टेन्शन नका घेऊ. मी येते ना. दाजी माझ्या मोठ्या भावासारखे. आणि माझी बहेन कोइम्बतूरला आहे, येताना मी तिकडेच उतरीस."

"जळवा असतात, हंसाबेन."

"असू दे. मारायच्या नाही फक्त. मी मीठ आणू नाही देणार, आधीच सांगते."

पाचवा माणूस आणि गाडी एकाच जागी मिळाली. रुडॉल्फ उत्तनचा. आमच्या गोदामाशेजारच्या गॅरेजमध्ये त्याची व्हॅन दुरुस्तीला येते, तेव्हापासूनची ओळख. त्या व्हॅनमधून तो पहाटे मासळी बाजारात पोचवतो. मी विचारलं तेव्हा तो गाडीखाली झोपलेला होता, तिथूनच म्हणाला, "जाव ना. म्या पन कदी डोंगरान गेलो न्हाय. गाडी मजबूत हाय, काशीभाऊ. पन एक सांगतो. वास जानार न्हाय."

"धुतली तर?"

"धुतली का मंग दोन वास येतान."

हे त्याने शब्दशः खरं करून दाखवलं. तीनदा फिनेल मारलं. सुक्या बोंबलांचा वास जागचा हलला नाही, फिनेल त्याच्या मांडीला मांडी लावून बसलं.

पाच झाले. फॉर्म भरायला बसलो. पहिल्या पानावर लाल अक्षरात: सत्तरीच्या वरच्या माणसाला डॉक्टरचा दाखला हवा, की ही व्यक्ती चढण चढू शकते. दाजी अठ्ठ्याहत्तर. गेलो आमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे. डॉक्टरने दाजींची छाती ऐकली, गुडघे वाकवून बघितले, आणि पेन बंद केलं. "मला कसं कळणार ते चढू शकतात? इथे टेकडी कुठाय?"

सुरुची म्हणाली, "अहो, रोज चार मजले चढतात. आमची लिफ्ट तीन महिने बंद आहे."

डॉक्टरचा चेहरा उजळला. "मग सोसायटीचं पत्र आणा. लिफ्ट अमुक तारखेपासून बंद आहे आणि सदर गृहस्थ रोज चार मजले चढतात. मी खुशाल लिहितो."

ती लिफ्ट हे माझं धर्मयुद्ध होतं. तिच्यावर मी सोसायटीला अकरा तक्रारअर्ज दिले होते. साधे नव्हेत. एकेक अर्ज चार-चार पानी, मुद्देसूद, त्यात उपमा होत्या. सातव्या अर्जात मी त्या लिफ्टला उभ्या शवपेटीची उपमा दिली होती, ती मला आजही आवडते. आणि आता मला दिपेशकडे जाऊन पत्र मागायचं होतं.

दिपेशने सगळं ऐकून घेतलं. ते माणसाचं ऐकताना नेहमी मोबाइलचं कव्हर काढतात आणि पुन्हा घालतात. म्हणाले, "काशीनाथजी, दाजी के लिए जान हाजिर है. पर रिटन में कैसे दूँ कि लिफ्ट बंद है? रिकॉर्ड में तो मेंटेनन्स चल रहा है."

"पण बंद आहे की."

"बंद तो है. पर लेटरहेड पे बंद नहीं है ना."

"मग दाजी रोज जिना कशाला चढतात? हौसेने?"

"ये अच्छा है," दिपेश म्हणाले. "'हौसेने' लिख सकते हैं."

मी उठलो. चपला घातल्या. मी दारापर्यंत गेलो हे इथे नमूद करतो, कारण पुढे जे झालं त्यात तेवढीच माझी शोभा आहे. मग मला दाजी दिसले. म्हणजे तिथे नव्हते ते, मनात दिसले. सकाळी चहाचा कप उचलायला हात न्यायचे आणि हात कपाच्या शेजारी पडायचा. दोनदा. तिसऱ्यांदा सापडायचा. आणि कप सापडला की ते नुसतं हं म्हणायचे.

मी चपला काढल्या.

"क्या चाहिए आपको?" मी विचारलं.

दिपेशने कव्हर घातलं. "कुछ नहीं. वो इलेवन लेटर्स वापस ले लो. एक लाइन का लिख दो. मिसअंडरस्टँडिंग था."

मी लिहिलं. एका ओळीचं. तीस वर्षांत मी लिहिलेलं सगळ्यात छोटं, आणि छापून न येता कुणीतरी फाइलला लावलेलं पहिलंच लिखाण. त्याच्या बदल्यात लेटरहेडवर आलं: श्री. पंढरीनाथ हे प्रकृतीच्या आवडीने दररोज चार मजले जिन्याने चढतात. 'प्रकृतीच्या आवडीने' ह्याचा अर्थ दिपेशना माहीत नव्हता, मला नाही, डॉक्टरलाही नाही. दाखला मिळाला.

घरी येऊन मी सुरुचीला म्हटलं, "आज मी विकला गेलो."

ती मेथी निवडत होती. म्हणाली, "बरं झालं. कधीपासून पडून होतात."

निघालो. पहाटे निघालो ते काशीमीऱ्याच्या नाक्यावर अडकलो. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मधे आम्ही पाच जण आणि दोन वास. हंसाबेनने नाकाला पदर लावून ऐंशी ठेपल्यांचा डबा मांडीवर घट्ट धरला होता, बोंबलांचं काही त्यात शिरू नये म्हणून. एक तास आम्ही जागचे हललो नाही. मी खिडकीतून डोकं काढून एका ट्रकवाल्याला त्याच्या खानदानाबद्दल थोडं सांगितलं. दाजी पुढच्या सीटवर ताठ बसलेले. म्हणाले, "काशीनाथराव, झाड काही कुठे जात नाही."

झाड जात नव्हतं. पण मला राहून राहून वाटत होतं, काहीतरी जातंय. दोन दिवसांच्या त्या प्रवासात मी एक क्षण सुखाने बसलो नाही. दर अर्ध्या तासाला दाजींना काहीतरी दाखवायचो. "दाजी, तो डोंगर दिसला?" "दिसला." "दाजी, मोर." "बरं." सातारा संपेपर्यंत सुरुचीने माझ्या दंडाला चिमटा काढला. "परीक्षा घेताय का त्यांची? जे दिसतंय ते दिसू द्या."

रुडॉल्फ गाडी समुद्रात चालवल्यासारखी चालवतो, म्हणजे लाट बघून वळतो. घाटात हंसाबेनने नवकार मंत्र धरला आणि रुडॉल्फने मदर मेरीला. मी कुणालाच धरलं नाही, समोरचा दांडा धरला. कर्नाटकात कुठेतरी क्लचची वायर तुटली आणि अर्धा दिवस गेला. रुडॉल्फने जाळं शिवायच्या दोऱ्याने ती बांधली. "येईपरतन टिकते," म्हणाला. कुठे येईपर्यंत, ते बोलला नाही.

परमिट एकाच दिवसाचं होतं. दुपारी तीनला उद्यानाची शेवटची गाडी आत जाते, त्यानंतर फाटक बंद. आम्ही चेकनाक्यावर पोचलो तेव्हा सव्वादोन झाले होते.

तिथे आधी प्लॅस्टिक शोधतात. हंसाबेनचा डबा प्लॅस्टिकचा, आत ठेपले दहा-दहाच्या पिशव्यांत. गार्डने डबा नि सगळ्या पिशव्या काढून घेतल्या, ठेपले उघडे पडले. हंसाबेनच्या डोळ्यांत पाणी आलं. गार्ड म्हातारा होता, त्याला दया आली. त्याने मागे जाऊन दोन मोठाली पानं तोडून आणली आणि ठेपले त्यांत बांधून दिले. थाळीएवढी पानं, खरखरीत. दाजींनी त्यातलं एक हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, वास घेतला. "सागाचं," म्हणाले. "वखारीत पानं येत नसत." पान त्यांनी सोडलंच नाही.

मग गार्डने दाजींची कापडी पिशवी उघडली.

आत निघाली ती लोखंडी डबीतली मोजायची टेप. मग गेरूचा खडा. मग जुन्या टॉवेलात गुंडाळलेला, तेल लावून चकचकीत ठेवलेला, छापाचा हातोडा.

सागाच्या जंगलाच्या दारात टेप, गेरू आणि हातोडा घेऊन माणूस आला, तर त्याचा एकच अर्थ होतो. गार्डच्या तोंडात शिट्टी गेली. कुठून कुठून खाकी माणसं आली. रुडॉल्फच्या व्हॅनला चारही बाजूंनी घेरलं, मागचं दार उघडलं आणि वास आल्यावर लगेच बंद केलं.

"दाजी," मी दातांतल्या दातांत म्हटलं, "हे कशाला आणलंत?"

दाजींना माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. "लाकडाकडे जायचं आणि टेप नाही न्यायची?"

चव्वेचाळीस वर्षं. शिक्षक छडी घेऊन लग्नाला जात नाही, न्हावी वस्तरा घेऊन सिनेमाला जात नाही. पण दाजींना कामाशिवाय झाडाला भेटायची सवयच नव्हती.

आम्हाला आत नेलं. टेबलामागे रेंज ऑफिसर बसले होते. पन्नाशीचे, बारीक, चष्म्याच्या काड्या दोऱ्याने बांधलेल्या. हिंदी स्वच्छ बोलत होते. हातोडा टेबलावर ठेवलेला. "ये किसका है?"

हंसाबेन पुढे झाल्या. मी त्यांना अडवायला हात केला, उशीर झाला होता. "साहब, ये बहुत सीधा आदमी है. पूरी लाइफ लकडे में गई. आप कोई भी पेड दिखाओ, खाली हाथ लगा के बोल देंगे कितना माल निकलेगा."

साहेबांनी वही उघडली.

मग मी बोललो. नसतो बोललो तर बरं झालं असतं, हे मी स्वतः लिहितोय. मी म्हटलं, आम्ही चोर नाही, नागरिक आहोत. संविधान आणलं. ज्येष्ठ नागरिकांचा सन्मान आणला. ऑफिसातल्या मोडक्या पंख्यावर टीका केली. बोलता बोलता आमच्या लिफ्टवर आलो, का आलो मलाही माहीत नाही. साहेबांनी शांतपणे विचारलं, "आप क्या करते हैं?"

"लिखता हूँ."

"किसके लिए?"

तीस वर्षं हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. सुरुचीने मला मागे ओढलं. भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन वाजले होते. आणि मला कळलं, की हे फाटक बंद होणार आणि ते माझ्या तोंडामुळे बंद होणार. परमिट आजचं. पुन्हा अर्ज, पुन्हा पाच माणसं, पुन्हा दाखला. तोवर पाऊस, तोवर उद्यान बंद. तोवर दिवाळी.

दाजी उठले. टेबल चाचपत गेले. हातोडा हाताला लागला तसा त्यांनी उचलला. दोन गार्ड पुढे आले, साहेबांनी हाताने थांबवलं.

"साब," दाजी म्हणाले. त्यांची हिंदी हमालांकडून शिकलेली. "ये हथौडा जब लगता था ना, झाड तब तक मर चुका होता था. जिंदा झाड पे मैंने कभी नहीं मारा. जिंदा मैंने देखाच नहीं."

हातोडा परत टेबलावर ठेवला. "ये आप रखो. आँख जा रही है मेरी. एक बार खडा हुआ देखना है, बस."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, काडीचा दोरा पुन्हा बांधला. मग कागद काढला. सरकारी माणूस हेलावला तरी कागद काढतोच. आम्ही पाच जण झाड कापणार नाही, मोजणार नाही, त्यावर खूण करणार नाही, तीन प्रती, प्रत्येकावर पाच सह्या. हंसाबेनने गुजरातीत केली. दाजींनी कागद नाकाला टेकवून केली. रुडॉल्फने विचारलं, "मिठी मारली तर चालते?" साहेब म्हणाले, "मिठी का फॉर्म नहीं है."

तीनला एक मिनिट कमी असताना आम्ही गाडीत होतो.

गाडीने सोडल्यावर पाऊण तास पायवाट. तोच म्हातारा गार्ड पुढे. दाजी माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होते, आणि त्या हाताला घाई नव्हती, माझ्या खांद्याला होती. जळवा लागल्या. हंसाबेन आपल्या पायावरच्या जळवेला म्हणत होत्या, "पी ले बेन, पण लवकर पी."

आणि मग वाट वळली आणि झाड आलं.

मी वर्णन करणार नाही. मला करता येत नाही, आणि ज्यांना येतं असं वाटतं त्यांनी ते बघितलेलं नसतं. एवढंच सांगतो की रुडॉल्फने टोपी काढली, आणि हंसाबेन गप्प झाल्या.

दाजी पुढे गेले. खोडाला दोन्ही तळवे लावले. कान लावला. बराच वेळ तसेच राहिले. मग मागे सरकले आणि समोर बघत म्हणाले, "भिंत दिसतेय. झाड कुठेय?"

"वर बघा ना, दाजी."

त्यांनी मान वर केली. म्हणजे करायला गेले. मान जेमतेम बोटभर उचलली आणि अडकली. पुन्हा केली, पुन्हा अडकली. आयुष्यभर ओंडक्यावर ओणवं होऊन होऊन मानेचा तो भागच गंजून गेला होता. आणि आम्हाला कुणालाच हे माहीत नव्हतं. माहीत होणार कसं? पूनम सागरमध्ये वर बघतं कोण? वर काय आहे? वरच्या मजल्याच्या एसीचं पाणी.

रुडॉल्फने मागून हनुवटी धरून उचलायचा प्रयत्न केला, दाजी कळवळले. हंसाबेनने मोबाइलवर वरचा फोटो काढून समोर धरला. दाजींनी तो हाताने बाजूला केला. "फोटो घरी बघेन, बेन." सुरुची दुसरीकडे तोंड करून उभी राहिली. ती रडत असली की दुसरीकडे बघते, आणि मला त्या वेळी भयंकर राग आला. वेबसाइटचा, दिपेशचा, डॉक्टरचा. गुडघे तपासले, छाती तपासली, मानेचं एकाही कागदावर एक अक्षर नाही. पण रागावून जाऊ कुणावर? समोर नुसतं झाड होतं.

"काशीनाथराव," दाजी म्हणाले, "मला आडवं करा."

"अं?"

"आडवं करा मला. उताणा."

गार्ड धावला. जमिनीवर झोपायला मनाई आहे, जळवा आहेत, साप आहेत, नियम आहे. मी आयुष्यात पहिल्यांदा नियमावर वाद घातला नाही. शर्ट काढला, पाचोळ्यावर पसरला. रुडॉल्फने खांदे धरले, मी पाय धरले, आणि आम्ही दाजींना मुळांच्या मधे हळूच खाली ठेवलं. सागाचं ते पान अजून त्यांच्या हातात होतं, ते त्यांनी छातीवर ठेवलं.

गार्डला काय वाटलं असेल ते असो. त्याने वॉकीटॉकी तोंडाला लावली आणि घाईघाईने मल्याळममध्ये काहीतरी सांगितलं. मला त्यातला एकच शब्द कळला, 'स्ट्रेचर'.

हंसाबेनने आजूबाजूला बघितलं. मग पदर खोचला आणि दाजींच्या शेजारी आडव्या झाल्या. "मलाही चक्कर येतेय," म्हणाल्या, आणि ते खोटं होतं. मग रुडॉल्फ. मग सुरुची, बापाच्या डोक्यापाशी. मी बनियनवर उभा. शेवटी मीही आडवा झालो. मानेवर एक जळू चढतेय हे मला कळत होतं. चढू दिली.

किती वेळ गेला कोण जाणे. वर खूप उंचावर कुठेतरी वारा चालू होता, खाली पोचत नव्हता. मला राहवेना. मी हळूच विचारलं, "दाजी, दिसलं?"

दाजींचे डोळे सताड उघडे होते. बुबुळं अगदी सावकाश, एका रेषेत सरकत होती. त्यांच्या नळीत एका वेळी हातभर खोड मावत असेल. ते संपलं की पुढचं हातभर.

"पहिल्या फांदीपाशी आलोय," ते म्हणाले.

पाचोळ्यात धावत्या बुटांचे आवाज आले. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन, आणि मागे धापा टाकत रेंज ऑफिसर, हातात फर्स्टएडची पेटी. वाटेच्या वळणावर ते थबकले. समोर झाडाखाली पाच माणसं ओळीने पडलेली, आणि रजिस्टरात पाचच होती.

साहेब माझ्याजवळ येऊन वाकले. "क्या हुआ इनको? कब से ऐसे हैं?"

मला खूप काही बोलता आलं असतं. मी ओठांवर बोट ठेवलं.

"आधे रास्ते में हैं," मी म्हटलं. "अभी ऊपर पहुँचे नहीं."

साहेबांनी घड्याळ बघितलं. बाहेर पडायचं फाटक पाचला बंद होतं. त्यांनी स्ट्रेचर खाली ठेवायला सांगितलं, आणि त्यावर जाऊन बसले.